शाळेच्या बसमधून उतरल्यावर रस्ता पुढून ओलांडायचा की मागून?

अन्नपूर्णा_रोड

नवं सत्र सुरू झालं, शाळांची सूचनापत्रं पालकांच्या ग्रुपांवर फिरायला लागली. त्यातल्या एका पत्रात असं आहे: "बसमधून उतरल्यावर विद्यार्थ्याने बसच्या पुढून, दहा फूट अंतर राखून, चालकाशी नजरानजर झाल्यावरच रस्ता ओलांडावा." सोबत रंगीत चित्र. चित्र नीट पाहिलं तर बसचं दार उजव्या अंगाला आहे! म्हणजे चित्र कुठून उचललंय ते कळलंच.

प्रश्न असा की इंदूरच्या रस्त्यांवर हा सल्ला चालेल का? पुढून जायचं, मागून जायचं, की तिसरंच काही? अन्नपूर्णा रोड, कनाडिया रोड, रिंग रोड हे तिन्ही डोळ्यासमोर ठेवून सांगा. "मुलांची काळजी घ्यावी" छापाचं नको, ते पत्रात आहेच. शाळेला लेखी उत्तर द्यायचंय, तेव्हा मुद्दे पक्के हवेत.

शेवपरमल

चालकाशी नजरानजर? चालकाची नजर मोबाइलशी जुळलेली असते, तिथे आपल्या पोराचा नंबर कधी लागायचा?

जर्सीकर

चित्र अमेरिकेतलंच आहे. तिथे हा सल्ला बरोबर आहे, पण तो एका कायद्याच्या आधारावर उभा आहे. बस थांबायच्या आधी पिवळे दिवे लुकलुकतात, थांबली की लाल दिवे लागतात आणि चालकाच्या बाजूनं 'स्टॉप' लिहिलेला लाल अष्टकोनी हात बाहेर येतो. त्या क्षणी मागून येणाऱ्या सगळ्यांनी थांबायचं, दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीसुद्धा. न थांबणाऱ्याला जबर दंड होतो. मूल पुढून जातं, कारण चालकाला ते सतत दिसत राहावं. दहा फूट अशासाठी की त्याहून जवळ आलं तर बॉनेटवाल्या बसमध्ये लहान मूल दिसतच नाही.

थोडक्यात, तिथला धोका स्वतःची बस हा आहे, बाकीची वाहनं कायद्यानं थांबलेली असतात. हा कायदा काढून घेतला तर उरलेल्या सल्ल्याचं काय होतं ते इंदूरकरांनीच सांगावं.

डांबर_आणि_खडी

मी सांगतो, गणित करून.

आपली बस डावीकडे थांबते, दार डावीकडे. मूल उतरतं आणि घर समोरच्या बाजूला असेल तर डावीकडून उजवीकडे जातं. पुढून गेलं तर पहिली गाठ पडते ती बसला ओव्हरटेक करणाऱ्या स्कूटरशी. स्कूटर बसच्या अंगापासून एक मीटरवरून, ताशी ४० किमीनं येतेय असं धरा. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. मूल बसच्या तीन मीटर पुढून (तेच दहा फूट) सेकंदाला एक मीटर चालतंय.

स्कूटरवाला बसच्या पुढच्या कोपऱ्याच्या १२ मीटर मागे असताना त्याला बसच्या कडेच्या जेमतेम पाव मीटर आतपर्यंतचं दिसतं. तिथून मुलाला स्कूटरच्या वाटेत यायला सव्वा मीटर चालायचंय, म्हणजे सव्वा सेकंद. तेवढ्या वेळात स्कूटर १४ मीटर पुढे येते. मुलापासूनचं अंतर होतं १५ मीटर. आणि ४० च्या वेगाला, एक सेकंद भान यायला आणि बाकी ब्रेक लागायला धरलं तर कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण २० मीटर लागतात. गणित जुळत नाही. मूल मीटरभर पुढूनच गेलं तर याहून वाईट.

म्हणून बससाठी बाकीची रहदारी थांबत नसेल तिथे "पुढून जा" हा सल्ला धोक्याचा आहे. पत्रातून काढायलाच लावा.

निपाणियाकर

पूर्ण सहमत नाही. रिंग रोडला मधे डिव्हायडर आहे. तिथे समोरून कुणी येत नाही, सगळी वाहनं मागूनच येतात. मूल बसच्या मागून निघालं तर त्यांना ते लांबूनच दिसेल. मग डिव्हायडर असलेल्या रस्त्यावर मागून जाणं चांगलं नाही का?

डांबर_आणि_खडी

@निपाणियाकर, कागदावर तुमचं बरोबर आहे. पण तीन अडचणी आहेत. पहिली, बसच्या ढुंगणाला चिकटून दुचाक्या असतातच. बस थांबताक्षणी त्या झटक्यात उजवीकडे निघतात, तेव्हा त्यांची नजर मागच्या रहदारीवर असते, समोरच्या मुलावर नाही. दुसरी, बस मागे घेतली तर मूल चालकाला अजिबात दिसत नाही. तिसरी म्हणजे डिव्हायडरपर्यंत पोचल्यावर पुढे काय? पलीकडचा अर्धा रस्ता आहेच. डिव्हायडरवर थांबायला कमीत कमी १.२ मीटर रुंदी लागते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मधे कण्हेर लावलेली असते, मुलाला उभं राहायला टीचभर काँक्रीट.

आणि डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर मागून निघालेलं मूल समोरून येणाऱ्याला बसआडून एकदम दिसतं. म्हणजे पुढचाच प्रकार, फक्त दिशा उलटी.

शेवपरमल

समोरून कुणी येत नाही म्हणणाऱ्या निपाणियाकरांना रिंग रोडवर फिरवून आणा रे कुणीतरी. रॉन्ग साइड ही इथली तिसरी लेन आहे भिया.

निपाणियाकर

@शेवपरमल मान्य, मान्य. ई-रिक्शा विसरलो.

राऊवाली

तिसरा पर्याय आहे आणि तो सगळ्यात साधा आहे: बस गेल्यावर ओलांडायचं. पुढून नाही, मागून नाही. उतरायचं, बसपासून लांब फुटपाथवर किंवा कडेला सरकायचं, थांबायचं, बस निदान ५० मीटर पुढे गेली की मग दोन्हीकडे बघायचं. उभ्या जागेवरून सुटलेली बस दहा-बारा सेकंदांत तेवढी पुढे जाते. तेवढं थांबवत नाही म्हणूनच अपघात होतात.

आणि एक, पालकांसाठी. आई किंवा आजोबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहतात आणि "ये रे बाळा" करतात. सात वर्षांच्या मुलाला समोर आई दिसली की त्याला रस्ता दिसत नाही. घ्यायला येणाऱ्यानं बस ज्या बाजूला थांबते त्याच बाजूला उभं राहायचं. एक पैसा खर्च नाही.

अन्नपूर्णा_रोड

@राऊवाली, हा मुद्दा पत्रात वरच घालते. पण बस गेल्यावरही रहदारी थांबलेली नसतेच ना? सहा वर्षांच्या मुलानं एकट्यानं ओलांडायचं का?

राऊवाली

एकट्यानं नाहीच. दहाव्या वर्षापर्यंत मोठं माणूस बरोबर हवं. हात धरतानाही बोटं नका धरू, मनगट धरा. बोटं घामानं सुटतात, मनगट सुटत नाही. आणि रहदारीच्या बाजूला मोठ्यानं राहायचं, रस्त्याच्या मध्यावर बाजू बदलायची.

पाटी_पेन्सिल

वयाबद्दल थोडी भर. लंडनच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ च्या सुमारास दाखवलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किमीहून वेगानं अंगावर येणारी गाडी जवळ येतेय हे भरवशानं उमगत नाही. गाडी वेगात असली की डोळ्यात तिचा आकार वाढण्याचा इशारा लहान मुलाच्या लक्षात येत नाही, ती उभीच वाटते. म्हणजे मूल "दोन्हीकडे बघून" निघालं तरी चुकू शकतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्यामुळे "मुलांना शिकवा" एवढ्यावर भागवणाऱ्या शाळेला हे आवर्जून सांगा.

उंचीही आहेच. पहिलीतलं मूल उभ्या ऍक्टिव्हाच्या पलीकडचं काही बघू शकत नाही.

फेरी_नंबर_७

शाळांच्या वाहतुकीचं नियोजन करणाऱ्यांपैकी एक म्हणून लिहितो. धाग्यात पुढून की मागून यावर सगळे भांडताहेत, पण खरा प्रश्न हा की मुलाला रस्ता ओलांडायलाच का लागावा?

बहुतेक शाळांच्या फेऱ्या "जा-ये" पद्धतीच्या असतात. सकाळी बस लांबच्या टोकाहून शाळेकडे येते आणि रस्त्याच्या एका बाजूला मुलं घेते. दुपारी त्याच रस्त्यानं उलट जाते आणि दुसऱ्या बाजूला सोडते. त्यामुळे प्रत्येक मूल दिवसातून एकदा रस्ता ओलांडतंच, सकाळी किंवा दुपारी. डावीकडचं घर असो की उजवीकडचं, सुटका नाही.

त्याऐवजी फेरी गोल करायची. दुपारीसुद्धा बस शाळेतून आधी लांबच्या टोकाला जाते आणि सकाळच्याच दिशेनं, सकाळच्याच क्रमानं, त्याच बाजूच्या स्टॉपवर मुलं सोडत परत येते. जिथे चढलं तिथेच उतरलं. उजवीकडच्या वस्तीसाठी वेगळी बस किंवा वेगळा फेरा.

यात आणखी एक फायदा आहे जो शाळांच्या लक्षात येत नाही. जा-ये पद्धतीत सकाळी पहिलं चढणारं मूल दुपारी शेवटी उतरतं, दोन्ही वेळा सगळ्यात जास्त प्रवास त्याच्याच वाट्याला. गोल फेरीत सकाळी पहिलं चढलेलं दुपारी पहिलं उतरतं. वेळ आपोआप वाटला जातो.

निपाणियाकर

हे आवडलं. पण शाळेजवळची मुलं दुपारी अख्खा फेरा मारून येणार, त्यांचे पालक ऐकतील?

फेरी_नंबर_७

पहिला आठवडा ओरडतात. मग त्यांना दाखवायचं की त्यांचं मूल सकाळी शेवटी चढतं, म्हणजे सकाळची झोप त्याला जास्त मिळते. दिवसाचा एकूण वेळ सगळ्यांचा जवळजवळ सारखाच.

डिझेलचं म्हणाल तर यू-टर्नसाठी आणि लांबून वळसा घालायला समजा रोज ३ किमी वाढले. बस लिटरला ५ किमी देते, म्हणजे ०.६ लिटर. ९२ चा भाव धरला तर ५५ रुपये. ४० मुलांत वाटले तर डोक्यामागे दीड रुपयाहून कमी. "परवडत नाही" म्हणणाऱ्या व्यवस्थापनापुढे हा हिशोब ठेवा.

जिथे गल्ली अरुंद आहे, बस वळतच नाही, तिथे गोल फेरी जमत नाही हे खरं. मल्हारगंज, नारायण बाग, जुन्या इंदूरकडच्या गल्ल्या. तिथे मुख्य रस्त्यावर एकच स्टॉप ठेवायचा आणि अटेंडंटनं मुलांना स्वतः ओलांडून द्यायचं.

शेवपरमल

५५ रुपयांत दोन पोहे-जलेबी प्लेट येतात, शाळा तेवढा त्याग करेल का हा खरा प्रश्न.

डांबर_आणि_खडी

पोह्यांवरून आठवलं, स्टॉपची जागा हा फार मोठा मुद्दा आहे. सकाळी सातला ज्या कोपऱ्यावर पोह्यांचा ठेला असतो त्याच कोपऱ्यावर बसचा स्टॉप! ठेल्यासमोर दहा-पंधरा दुचाक्या आडव्यातिडव्या. बस कडेपर्यंत येऊच शकत नाही, दोन-अडीच मीटर अलीकडे रस्त्यात थांबते. मुलं दुचाक्यांच्या मधून वाट काढत चढतात आणि त्या फटीतून डावीकडून बुलेट निघते.

जागा निवडताना हे बघा. बस १०० मीटरवरून दिसली पाहिजे. वळणावर नको, चढाच्या माथ्यावर नको. चौराह्यापासून निदान ३० मीटर लांब, कारण वळणाऱ्या वाहनांचं लक्ष सिग्नलवर असतं. कडेला मुलांना रांगेत उभं राहायला जागा हवी, नाला उघडा नको. ठेला, मिठाईचं दुकान, एटीएम यांच्यासमोर नको. बायपासला तर सर्व्हिस रोडशिवाय थांबायचंच नाही.

सयाजीबाग

बडोद्याहून भर: पावसाळ्यात स्टॉप बदलावे लागतात हे फेरीच्या कागदावर आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालून जाणारा रस्ता) तुंबलं की बस भलत्याच रस्त्यानं येते आणि मुलं भलत्याच बाजूला उतरतात. नेमका त्या दिवशी रस्त्यावर पाणी, झाकण उघडं आहे की बंद ते दिसत नाही. पर्यायी स्टॉप जूनमध्येच ठरवून पालकांना कळवलेला असला की गोंधळ होत नाही. पाण्यातून मुलाला चालवायचंच नाही, घ्यायला माणूस येईपर्यंत बसमध्येच ठेवायचं.

टायरट्यूब

आता गाडीकडे या. सगळे स्कूटरला शिव्या घालताहेत, पण उतरलेलं मूल स्वतःच्याच बसखाली येण्याचे प्रकारही घडतात. त्याची कारणं गाडीत आहेत.

१) डावा पुढचा कोपरा. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे दारापुढचा डावा कोपरा त्याला सगळ्यात कमी दिसतो. प्रयोग करून बघा: एक मीटर उंचीची काठी पायावर उभी करून बसच्या पुढे आणि डावीकडे फिरवा, चालकाला सीटवर बसवा, काठीचं टोक दिसेनासं होईल तिथे खडूनं खूण करा. खुणा जोडल्या की न दिसणारा पट्टा जमिनीवर दिसतो. प्रत्येक बसचा वेगळा येतो. तो चालकाला आणि अटेंडंटला दाखवायचा, फोटो काढून ठेवायचा.

२) बहिर्गोल आरसा. डाव्या कोपऱ्यावर वर एक गोल आरसा हवा, बंपरपुढची जमीन आणि पुढचं डावं चाक दोन्ही त्यात दिसलं पाहिजे. कंपनानं त्याचा नट ढिला होतो आणि आरसा आभाळ दाखवायला लागतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, कंपनानं ढिला न होणारा) वापरा. आठवड्यातून एकदा वरच्याच काठीनं तपासा.

३) दाराचा बझर. दार उघडं असताना डॅशबोर्डवर लाल दिवा आणि बझर. चौकटीत मायक्रोस्विच असतो. पावसाळ्यात त्याची टोकं गंजतात, मग बझर उगाच वाजत राहतो आणि कुणीतरी वायर काढून ठेवतं. जुलैत सगळे स्विच साफ करून घ्या. वायर काढलेली दिसली तर गाडी बाहेर काढू नका.

४) दांडी आणि दारातली फट. चढताना धरायच्या दांडीचं खालचं टोक पत्र्याला जिथे जोडलंय तिथे फट असते. ओढणी, दप्तराचा पट्टा, बाटलीची दोरी, जर्किनची नाडी त्यात अडकते. मूल खाली, नाडी वर, बस सुटली. अमेरिकेत याची एक सोपी चाचणी आहे: तीन फूट सुतळीला अर्ध्या इंचाचा नट बांधायचा, तो दांडीमागे सोडायचा आणि उतरणाऱ्या मुलाच्या दिशेनं सुतळी ओढायची. नट कुठेही अडकला तर ती फट बुजवायची. पाच मिनिटांचं काम.

राऊवाली

@टायरट्यूब, नटाची चाचणी झकास. याच आठवड्यात करून बघायला सांगते.

लष्करकर

ग्वाल्हेरकर हजर. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सकाळी धुकं एवढं की वीस मीटरवरचं दिसत नाही, आणि जानेवारीत सूर्य सातनंतरच उगवतो. मुलांचे ब्लेझर गडद निळे नाहीतर काळे. दप्तरावर पाठीमागे आणि दोन्ही पट्ट्यांवर पुढूनही ५० मिमी रुंद परावर्तक पट्टी शिवून घ्या, चिकटवलेली महिन्यात सुटते. पाठीमागची एकटीच असेल तर समोरून येणाऱ्याला काही दिसत नाही. आणि धुक्यात बस चालू असताना चारही इंडिकेटर लावून चालवायची खोड मोडा. मग थांबल्यावर वेगळा इशारा काय देणार?

फेरी_नंबर_७

@लष्करकर, अगदी. चारही इंडिकेटर फक्त थांबल्यावर.

अटेंडंटसाठी क्रम लिहून ठेवतो, पत्रात जसाच्या तसा घाला.

बस कडेला फूटभर अंतरावर. एवढी जवळ की डावीकडून दुचाकी घुसूच नये, आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच. न्यूट्रल, हँडब्रेक, चारही इंडिकेटर. अटेंडंट दार उघडून आधी स्वतः उतरते, मागे बघते, डावा हात आडवा करून घुसणारी दुचाकी अडवते. मग मुलं एकेक करून. प्रत्येक मूल घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात. माणूस आला नसेल तर मूल परत बसमध्ये, शेवटच्या स्टॉपनंतर शाळेत. उतरलेली मुलं बसपासून तीन मीटर लांब. काही पडलं, पेन्सिल असो की चेंडू, मुलानं उचलायला वाकायचं नाही, अटेंडंट उचलेल. अटेंडंट मुलं मोजते, वर चढते, दार बंद करते, पुन्हा काचेतून मोजते, मगच चालकाला "चलो". चालकानं तो शब्द ऐकल्याशिवाय गियर टाकायचा नाही.

अटेंडंटकडे शिटी, चमकणारं जॅकेट आणि 'थांबा' लिहिलेली गोल पाटी हवी. ती पाटी घेऊन रस्त्यात उभं राहिलं तर आपले लोक निदान वेग कमी करतात. दोन शाळांच्या बस एकाच वेळी आल्या तर मात्र गोंधळ, तेव्हा वेळा पाच मिनिटांनी पुढे-मागे करा.

जर्सीकर

ब्रिटनमध्ये त्या गोल पाटीला १९५३ च्या कायद्यानं बळ दिलं. पाटी दाखवली की थांबायलाच लागतं.

शेवपरमल

इथे पाटी दाखवली की लोक थांबतील, पण "भाव काय?" विचारायला.

निपाणियाकर

अवांतर: वेगाचं काय? ५ जानेवारी २०१८ ला बायपासवर जे झालं ते इंदूरकर विसरले नसतील. शाळेची बस डिव्हायडर ओलांडून समोरच्या ट्रकवर आदळली, चार मुलं आणि चालक गेले. त्यानंतर काही दिवस स्पीड गव्हर्नरची (ठरल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणाऱ्या यंत्राची) तपासणी जोरात होती.

टायरट्यूब

अवांतर नाही ते. शाळेच्या बसला ४० किमीचा गव्हर्नर हवा. इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर गियरबॉक्सवरच्या सेन्सरकडून वेग घेतो. सेन्सरचा कनेक्टर ढिला केला की गव्हर्नर आंधळा होतो. म्हणून कनेक्टरवर सील आणि तार असते, सीलचा नंबर प्रमाणपत्रावरच्या नंबराशी ताडून बघा. त्याहून सोपं म्हणजे जीपीएसचा महिन्याचा वेग-अहवाल मागा. त्यात ४० च्या वर आकडे दिसले तर गव्हर्नर चालत नाही, प्रमाणपत्र कितीही नवं असो.

सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात शाळेच्या बससाठी जे निर्देश दिले त्यातही गव्हर्नर आहे. पिवळा रंग, खिडक्यांना आडवे गज, भरवशाच्या कड्या असलेली दारं, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, बसवर शाळेचं नाव आणि फोन, चालकाला अवजड वाहनाचा निदान ५ वर्षांचा अनुभव. हे बहुतेक शाळा दाखवतात. रस्ता कसा ओलांडायचा यावर मात्र पत्रकात दोन ओळी आणि एक परदेशी चित्र.

पाटी_पेन्सिल

शाळेच्या फाटकाबद्दल कुणीच बोललं नाही. निम्मा गोंधळ तिथे. बस आत घेऊन तिरप्या रांगेत अशा लावायच्या की एकीलाही रिव्हर्स घ्यावं लागू नये. मुलं आवारात असताना रिव्हर्स बंद म्हणजे बंद. शेवटचं मूल चढेपर्यंत सगळ्यांची इंजिनं बंद, मग एकामागोमाग सुटायचं.

डांबर_आणि_खडी

आणि फाटकासमोरचा गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, ताशी २५ नं आरामात जाता येतं. आपल्याकडे कॉलनीवाले रातोरात टाकतात ते हातभर रुंद आणि वीतभर उंच. मागच्या सीटवरची मुलं उडतात आणि दुचाकीवाला त्याला चुकवायला कडेनं जातो, जिथे मुलं उभी असतात. नगर निगमकडे अर्ज करताना "गतिरोधक द्या" एवढंच लिहू नका, उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग मागा, रस्ता फुटपाथच्या पातळीला आणणारं.

लष्करकर

बीआरटीएस (बसची रेलिंग लावलेली वेगळी लेन) काढताहेत म्हणे तुमच्याकडचा. ए. बी. रोडवर आता ओलांडायचं कसं?

डांबर_आणि_खडी

२०२५ मध्ये हायकोर्टानं काढायला सांगितलं. रेलिंग निघतं तिथे लोक वाटेल तिथून ओलांडायला लागतात. या काळात ए. बी. रोडवर शाळेचा स्टॉप ठेवूच नये, आतल्या रस्त्यावर घ्यावा.

अन्नपूर्णा_रोड

धन्यवाद सगळ्यांना. शाळेला पाठवायचा मजकूर असा केलाय, काही सुटलं असेल तर सांगा:

"पत्रातील 'बसच्या पुढून ओलांडावे' ही सूचना मागे घ्यावी. ती जिथली आहे तिथे बससाठी सर्व वाहने थांबतात, येथे थांबत नाहीत. त्याऐवजी: (अ) दुपारची फेरी सकाळच्याच दिशेने काढावी, जेणेकरून मूल घराच्या बाजूलाच उतरेल. (आ) ते शक्य नाही त्या स्टॉपची यादी द्यावी आणि तिथे अटेंडंटने मुलाला ओलांडून द्यावे, बस निघून गेल्यावरच. (इ) घेणाऱ्या व्यक्तीने बस थांबते त्या बाजूलाच उभे राहावे. (ई) प्रत्येक बसची न दिसणाऱ्या पट्ट्याची आणि दांडीच्या फटीची तपासणी करून तारखेसह नोंद ठेवावी. (उ) जीपीएसचा मासिक वेग-अहवाल पालक समितीला द्यावा."

फेरी_नंबर_७

(आ) मध्ये एक गोची आहे. अटेंडंट मुलाला ओलांडून देणार आणि बस निघून जाणार, मग ती परत बसमध्ये चढणार कशी? त्या स्टॉपवर बस पुढे पन्नास मीटरवर, डावीकडे जागा बघून थांबेल असं लिहा. आणि तेवढ्या वेळात बसमधल्या मुलांजवळ कोण, हेही. दोन अटेंडंट नसतील तर एखादा मोठा विद्यार्थी दाराशी, दार बंद करून.

अन्नपूर्णा_रोड

बरोबर. दुरुस्त करते.

राऊवाली

मॅजिक आणि ईको या छोट्या व्हॅन राहिल्या की! बस परवडत नाही ते सगळे त्यातच जातात. ईकोला दोन्हीकडे सरकतं दार असतं, मुलं उजवीकडून थेट रहदारीत उतरतात.

टायरट्यूब

उजवं दार आतून उघडताच येऊ नये अशी कडी लावायची, बाहेरून चालकानंच उघडायची. कडी वेल्ड नका करू, अपघातात ते दार लागतं. ऑटोला आणि ई-रिक्शाला उजवीकडे आडवे दोन गज, खालचा सीटच्या उंचीला आणि वरचा मुलाच्या खांद्याला. एकच गज लावला तर मुलं खालून निसटतात.

शेवपरमल

आणि चालकाच्या शेजारी बसवलेली दोन मुलं? ती कुठल्या गजात?

टायरट्यूब

ती बसवायचीच नाहीत. हँडलच्या बाजूला मूल असेल तर ऑटो सुटायच्या आधीच उतरवून घ्या, आणि त्या महिन्याची फी तिथेच थांबवा.